विश्वासाला हिशेबाची जोड

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या बाजारपेठेत गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. त्याच दिवशी गुजरीतील सराफी पेढ्यांवर आणि लक्ष्मीपुरीतील धान्याच्या दुकानांत वहीपूजन होते. कोऱ्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखून, तिला हळदकुंकू वाहून व्यापारी नव्या वर्षाचा जमाखर्च लिहावयास घेतो. संगणक आला, वस्तू व सेवा कर आला, पण वहीला दिलेला हा मान कमी झाला नाही. ज्या वहीत नफ्याइतकाच तोटाही खरा लिहावा लागतो, त्या वहीलाच आपल्या पूर्वजांनी लक्ष्मीचे रूप मानले, यात मोठा अर्थ आहे. लक्ष्मी केवळ तिजोरीत नांदत नाही, ती हिशेबात नांदते.

परंतु त्याच बाजारपेठेत काम करणाऱ्या नोकरदाराच्या घरी, शिक्षकाच्या घरी, शेतकऱ्याच्या घरी अशी वही आज किती ठिकाणी आढळेल? एके काळी घरोघरी वाण्याचे, दूधवाल्याचे, वर्तमानपत्राचे खाते लिहिले जाई आणि रात्री जेवणानंतर कर्ता पुरुष वा घरची गृहिणी दिवसाचा खर्च मांडीत असे. आता महिन्याच्या वीस तारखेला पैसे संपले एवढे कळते, ते कोठे संपले हे कळत नाही. उत्पन्न वाढले, खर्चाचे मार्ग त्याहून अधिक वाढले, आणि या दोहोंमधील अंतर मोजण्याची सवय मात्र मोडली.

हे केवळ आपल्या परिचयातील दोन-चार घरांचे चित्र नाही. देशातील कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत, म्हणजे बँक, पोस्ट, विमा, भविष्य निर्वाह निधी अशा ठिकाणी वर्षभरात पडलेल्या भरीतून नवे कर्ज वजा करून उरणारी रक्कम, २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे साडेअकरा टक्के होती. २०२२-२३ मध्ये ती सुमारे पाच टक्क्यांवर आली. पहिले वर्ष करोनाच्या टाळेबंदीचे होते. तेव्हाची बचत काहीशी सक्तीची होती हे मान्य केले पाहिजे. घटीतील काही भाग घरे आणि वाहने यांच्याकडे वळला हेही खरे. तथापि कुटुंबांच्या डोक्यावरील कर्ज वाढले म्हणूनही बचतीचा आकडा उतरला, याकडे डोळेझाक करता येणार नाही. ज्या समाजाने ऋण काढून सण करणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या नावे ठेवली, त्याच समाजात आज हप्त्यावर भ्रमणध्वनी, हप्त्यावर दुचाकी, हप्त्यावर सहल आणि हप्त्यावर मंगल कार्यालय घेणे हे प्रतिष्ठेचे लक्षण होऊ पाहत आहे.

कोल्हापूरला काटकसर शिकवावी लागते, असे मात्र कोणी समजू नये. या जिल्ह्याच्या घरखर्चाची घडीच मोठी शहाणपणाची आहे. येथे पैसा तीन गतींनी घरात येतो. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते, पगार वा मजुरी महिन्याने-आठवड्याने येते आणि उसाचे बिल वर्षातून एकदा येते. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने, म्हणजे आपल्या गोकुळने, गावागावांतील हजारो गृहिणींच्या हाती नियमित रोकड दिली. तेल-मीठ, मुलांची वह्या-पुस्तके, औषधपाणी हे दुधाच्या बिलावर चालते. उसाच्या बिलातून आधी विकास सेवा संस्थेचे पीककर्ज वजा होते आणि उरलेल्या रकमेवर घराची दुरुस्ती, विहिरीची मोटर, लेकीचे लग्न यांचे बेत ठरतात. दिवाळीला दूध दर फरकाची रक्कम हाती पडते, ती सणाला. दुधावर चूल आणि उसावर कर्ज अशी ही विभागणी कोणत्याही अर्थशास्त्राच्या पदवीशिवाय आपल्या माता-भगिनींनी बसविली. जी रक्कम ज्या कामाची, ती त्याच कामाला, हा नियोजनाचा पहिला नियम त्यांना कोणी शिकविला नव्हता.

बचतीच्या साधनांचीही येथे वाण नव्हती. तालीम मंडळांच्या आणि गल्लीतील मंडळांच्या भिश्या आठवाव्यात. आठवड्याला ठरावीक रक्कम भरावयाची, जमलेल्या पैशातून गरजू सभासदाला व्याजाने रक्कम द्यावयाची आणि दिवाळीच्या तोंडावर भिशी फोडून मुद्दल व व्याज वाटून घ्यावयाचे, ही पद्धत आजही चालू आहे. महाद्वार रोडवरील फेरीवाल्यापासून शाहूपुरीतील दुकानदारापर्यंत रोज संध्याकाळी येणारा पिग्मीवाला हा दुसरा आधार. ही कल्पना १९२८ साली आपल्या दक्षिणेच्या शेजाऱ्याकडे, उडुपीत, सिंडिकेट बँकेच्या टी. एम. ए. पै यांनी रोज दोन आणे गोळा करून रुजविली आणि ती आपल्याकडील पतसंस्थांच्या अंगवळणी पडली. तिसरा आधार सोन्याचा. साज, ठुशी, पुतळ्यांची माळ ही अलंकारांइतकीच घरातील स्त्रीच्या हक्काची गंगाजळी होती.

या सर्वांच्या मुळाशी सहकाराची भूमी आहे. सावकारी पाशाने शेतकऱ्याचे काय होते हे महाराष्ट्राने १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत पाहिले होते. सुप्याच्या बाजारात सावकारांची दप्तरे जाळण्यात आली आणि त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. ब्रिटिश हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात सहकाराला आश्रय दिला आणि १९१३ साली कोल्हापूर अर्बन बँक उभी राहिली. सामान्य माणसाचा पैसा सामान्य माणसाच्याच गरजेला यावा, आणि कर्ज देताना तारणाइतकीच माणसाची चारचौघांतील पत पाहिली जावी, हे त्या चळवळीचे सूत्र होते. पतपेढी या शब्दातच पत आहे. पत म्हणजे विश्वास.

आणि नेमका येथेच आजचा प्रश्न उभा राहतो. ज्या विश्वासावर भिशी, पिग्मी आणि पतसंस्था उभ्या राहिल्या, तो विश्वास परिचयाचा होता. भिशीचा कारभारी त्याच गल्लीत राहत असे, पतसंस्थेचा संचालक त्याच देवळात भेटत असे. रक्कम लहान, वर्तुळ लहान आणि डोळ्यांसमोरचा कारभार, यांमुळे त्या विश्वासाला न लिहिलेल्या हिशेबाचा पहारा होता. वर्तुळ मोठे झाले, रकमा लाखांत गेल्या, शाखा तालुक्या-तालुक्यांत पसरल्या, आणि तो पहारा गळून पडला. विश्वास मात्र जुन्याच सवयीने चालू राहिला. नात्यातील माणूस सांगतो म्हणून, गावातील मोठे नाव आहे म्हणून, व्याज अर्धा-पाऊण टक्का अधिक मिळते म्हणून निवृत्तीची सारी पुंजी एका ठिकाणी ठेवली जाऊ लागली.

याचे परिणाम आपल्या जिल्ह्याने पाहिले आहेत. जानेवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने कोल्हापूरच्या यूथ डेव्हलपमेंट को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि खातेदाराला केवळ ५ हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. हे निर्बंध एप्रिल २०२१ मध्ये उठले. म्हणजे बँक बुडाली नाही. परंतु मधल्या काळात, ऑगस्ट २०१९ मध्ये, पंचगंगेचा महापूर आला आणि पाठोपाठ करोनाची साथ आली. ज्यांची सर्व शिल्लक त्या एकाच खात्यात होती, त्यांना घरातील चिखल उपसताना स्वतःच्याच पैशाला हात लावणे अवघड झाले असणार. डिसेंबर २०२३ मध्ये इचलकरंजीच्या शंकरराव पुजारी नूतन नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. यावरून सहकारी बँका वाईट, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. शंभर वर्षांहून अधिक काळ निष्ठेने चाललेल्या बँका याच जिल्ह्यात आहेत. निष्कर्ष एवढाच की, पैसा सुरक्षित असणे आणि पैसा वेळेला हाती येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि घराने दोहोंची तजवीज केली पाहिजे.

ठेवींच्या विम्याविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहेत. १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर देशात ठेव विम्याचा विचार पुढे आला आणि १९६२ साली दीड हजार रुपयांच्या मर्यादेने हा विमा सुरू झाला. १९९३ पासून ती मर्यादा १ लाख रुपये होती; ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. यात मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात, आणि एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील एकाच नावाच्या ठेवी एकत्र धरल्या जातात. म्हणून एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन पावत्या करणाऱ्याला तिप्पट संरक्षण मिळत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद झाली, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु हे सारे बँकांसाठी आहे. पतसंस्था ही बँक नव्हे. ती राज्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेली असते आणि तिच्या ठेवींना हा विमा लागू नाही. पाटीवर मोठ्या अक्षरांत नाव असते, काउंटर, पासबुक, लॉकर सारे बँकेसारखे असते, त्यामुळे हा भेद ठेवीदाराच्या ध्यानात येत नाही. पतसंस्थेत ठेव ठेवू नये असे आम्ही म्हणत नाही. ज्या संस्थेचे आपण सभासद आहोत, तिचा वार्षिक अहवाल वाचून, थकबाकीचे प्रमाण आणि लेखापरीक्षणाचा वर्ग पाहून, सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारून मग ठेव ठेवावी. सभेला केवळ भेटवस्तूची पिशवी घेण्यापुरते जाणारा सभासद स्वतःच्याच पैशाचा पहारा सोडून देतो.

पतसंस्थेच्या पलीकडे तर निव्वळ लुटीचे राज्य आहे. वाळवा तालुक्यातून पसरलेल्या कडकनाथ कोंबडीपालनाच्या योजनेचे पितळ २०१९ साली उघडे पडले. सांगली-कोल्हापूरच्या अनेक शेतकऱ्यांनी त्यात कर्ज काढून पैसे घातले होते. कोल्हापुरात २०२२ साली ए. एस. ट्रेडर्स प्रकरणी गुन्हा दाखल झाला. भरघोस परताव्याच्या आशेने पैसे गुंतविणाऱ्यांत शिकलेली, नोकरीपेशातील माणसेही होती. न्यायालयात जो निकाल लागावयाचा तो लागेल. १९९९ चा राज्याचा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आहे. पण कायदा येतो तो पैसा गेल्यावर. पैसा जाण्यापूर्वी उपयोगी पडते ते साधे अंकगणित.

ते अंकगणित असे. कोणी दरमहा पाच टक्के परतावा देतो म्हणाला, तर घरातील आठवीच्या मुलाला चक्रवाढ व्याजाचे उदाहरण घालावे. दरमहा पाच टक्क्यांनी आणि परतावा पुन्हा गुंतविल्यास एक लाखाचे दहा वर्षांत जवळजवळ साडेतीन कोटी रुपये होतात. असा धंदा ज्याला खरोखर साधला आहे, तो तुमच्या एक लाखासाठी तुमच्या दारी का येईल? तो बँकेतून दहा-बारा टक्क्यांनी कर्ज काढून वर्षभरात कोट्यधीश होईल. तो येतो, कारण जुन्या गुंतवणूकदाराचा परतावा नव्याच्या मुद्दलातून द्यावयाचा असतो. सुरुवातीचे तीन-चार महिने पैसे वेळेवर मिळतात, ते व्याज नसते, ते आमिष असते. आणि ते आपल्याच शेजाऱ्याच्या खिशातून आलेले असते.

कर्जाच्या बाजूलाही असाच हिशेब मांडावा. वाहनावर वा घरगुती वस्तूंवर कर्ज घेताना ‘केवळ बारा टक्के’ असे सांगितले जाते. हे बारा टक्के मूळ रकमेवर संपूर्ण मुदतीसाठी, म्हणजे ज्याला फ्लॅट दर म्हणतात त्याप्रमाणे, आहेत की घटत्या शिलकेवर, हे विचारणारा ग्राहक विरळा. एक लाखाचे कर्ज तीन वर्षांसाठी बारा टक्के फ्लॅट दराने घेतले, तर ३६ हजार व्याज धरून महिन्याचा हप्ता सुमारे ३,७७८ रुपये पडतो. दरमहा मुद्दल फिटत असूनही व्याज पूर्ण एका लाखावरच आकारलेले असते. घटत्या शिलकेच्या हिशेबाने हा दर सुमारे एकवीस टक्के होतो. क्रेडिट कार्डाची बाकी पुढील महिन्यात ओढली, तर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के व्याज भरावे लागू शकते. ज्या सावकाराविरुद्ध १८७५ साली शेतकरी उठला, त्याच्या वहीतील व्याज निदान सर्वांना तोंडपाठ होते. आजच्या गुळगुळीत पत्रकातील व्याज शोधून काढावे लागते.

कोल्हापूरच्या माणसाला नदीची भाषा कळते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी, हे येथील शाळकरी मूलही सांगते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी हे आकडे प्रत्येक घरात कोरून ठेवले. पाणी ३९ फुटांवर गेले की शहाणा माणूस जनावरे हलवितो, धान्य माळ्यावर चढवितो. तो ४३ ची वाट पाहत नाही. घराच्या व्यवहारालाही अशीच पातळी ठरवून घ्यावी. सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या एकतृतीयांशावर गेले की इशारा समजावा. नवे कर्ज बंद, लग्नकार्याचा बेत आटोपशीर, जुने महाग कर्ज आधी फेडावयाचे. हप्ते निम्म्यावर गेले की धोका. तेव्हा अभिमान बाजूला ठेवून घरातील सर्वांना एकत्र बसवून खरी स्थिती सांगावी. जी घरे बुडाली, त्यांतील बहुतेकांनी धोका पातळी ओलांडल्यानंतरही शेजाऱ्यांना कळू नये म्हणून घरच्यांनाही कळू दिलेले नसते.

पुराचीच आणखी एक शिकवण. पुराच्या दिवसांत बँक बंद असते, रस्ता बंद असतो, वीज नसते. २०१९ साली पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. म्हणून घरात थोडी रोकड, एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत वा पोस्टात केव्हाही काढता येईल अशी चार-सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम, आणि कागदपत्रांची एक जलरोधक पिशवी ही प्रत्येक कुटुंबाची पहिली गुंतवणूक असली पाहिजे. या रकमेवर व्याज कमी मिळाले तरी चालेल, ती वेळेला हाती आली म्हणजे पुरे. त्यानंतर विमा. जून २०२२ पासून वर्षाला ४३६ रुपयांत प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेचे आणि २० रुपयांत सुरक्षा विमा योजनेचे प्रत्येकी २ लाखांचे संरक्षण बँक वा पोस्ट खात्यातून मिळू लागले. घराचा आधार असलेल्या माणसाला एवढे संरक्षण पुरेसे नाही, पण ज्या घरात काहीच नाही तेथे हा प्रारंभ आहे. विमा आणि गुंतवणूक यांची गल्लत मात्र करू नये. विमा हा आपण नसताना घर उभे राहावे यासाठी असतो, पैसे दामदुप्पट व्हावेत यासाठी नव्हे.

या दोन भिंती उभ्या राहिल्यावर मग दीर्घ मुदतीची बचत. महिन्याला दोन हजार रुपये सात टक्के दराने पंधरा वर्षे साठविले, तर भरलेले ३ लाख ६० हजार सुमारे सव्वासहा लाख होतात. मूल तीन वर्षांचे असताना सुरुवात केली तर ते अठराव्या वर्षी महाविद्यालयात जाताना ही रक्कम हाती असते. मुलीसाठी २०१५ साली सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना, सर्वांसाठी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, पोस्टाची आवर्ती ठेव, ही साधने चकचकीत नाहीत, पण त्यांच्यामागे सरकारचे वचन आहे. समभाग, म्युच्युअल फंड यांचा विचार ज्याला त्यातील चढउतार समजतो आणि सोसवतो त्याने अवश्य करावा. भ्रमणध्वनीवर आलेल्या निरोपावरून करू नये. सोने घ्यावे, पण मजुरी आणि घट यांत किती गेले हे जाणून घ्यावे, आणि जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झालेल्या हॉलमार्कची खूण पाहूनच घ्यावे. अंगावरचे सोने ही गंगाजळी आहे. ती गहाण ठेवून सण साजरा करणे म्हणजे पुराच्या आधीच नाव विकणे होय.

हे सारे करावयाचे तर वही लागेल. २०१६ नंतर यूपीआय आले आणि खिशातील नोट सुटी करताना जो क्षणभर विचार होत असे तोही गेला. चहाचे वीस, नाश्त्याचे साठ, रिचार्जचे तीनशे, सारे एका बोटावर. पण याच साधनाने एक उपकारही केला आहे. पूर्वी जो खर्च लिहावा लागे, तो आता आपोआप लिहिला जातो. केवळ महिनाअखेरीस तो वाचावा लागतो. आठवड्यातून एकदा, सर्वांच्या सोयीच्या संध्याकाळी, घरातील सर्वांनी अर्धा तास एकत्र बसावे. उत्पन्न किती, हप्ते किती, बचत किती, पुढील महिन्यात कोणता मोठा खर्च, हे मुलांसमोर बोलावे. पगार हाती येताच आधी बचत बाजूला काढावी आणि उरलेल्यात खर्च बसवावा. खर्च करून उरले ते साठवू म्हणणाऱ्याचे कधी उरत नाही. ज्या मुलाला घराचे उत्पन्न ठाऊक आहे, ते वर्गमित्राच्या भ्रमणध्वनीकडे पाहून हट्ट धरीत नाही, असा अनेक घरांचा अनुभव आहे.

या बैठकीत घरच्या स्त्रीचे स्थान केवळ ऐकणाऱ्याचे नसावे. दुधाच्या बिलावर घर चालविणारी, बचत गटाची वही अचूक ठेवणारी आपली भगिनी नवऱ्याच्या ठेवी कोठे आहेत हे त्याच्या पश्चात शोधीत फिरते, हे चित्र शोभादायक नाही. फेब्रुवारी २०२३ अखेर सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी दहा वर्षे कोणी न विचारलेल्या सुमारे ३५ हजार कोटींच्या ठेवी रिझर्व्ह बँकेकडे वर्ग केल्या होत्या. यातील प्रत्येक रुपया कोणीतरी पोटाला चिमटा घेऊन साठविलेला होता. फक्त घरात कोणाला सांगितला नव्हता, वा त्यावर नामनिर्देशन केले नव्हते. प्रत्येक खात्यावर वारसाचे नाव, आणि सर्व खात्यांची एक यादी पत्नीच्या हाती, एवढे आजच करता येईल.

शेवटी आपल्या कार्यकर्त्यांशी एक बोलावयाचे आहे. वर सांगितलेल्या फसव्या योजना जाहिरातीवर फारशा पसरत नाहीत. त्या ओळखीवर पसरतात. आणि समाजात ओळख कोणाची असते? गल्लीतील रक्तदान शिबिर भरविणाऱ्याची, पुरात होडी घेऊन जाणाऱ्याची, अडल्यानडल्या घरी रात्री धावून जाणाऱ्याची. म्हणूनच अशा योजनांचे दलाल सर्वांत आधी कार्यकर्त्याच्या दारी येतात. ‘तुम्ही फक्त चार घरी सांगा’, एवढेच ते मागतात. पंचवीस वर्षे ज्या घरी आपण निरपेक्ष बुद्धीने गेलो, त्या घरातील विधवा भगिनी आपल्या शब्दावर मुलीच्या लग्नाची पुंजी काढून देते. पुढे योजना बुडते, दलाल फरारी होतो, आणि कार्यकर्ता त्याच गल्लीत राहतो. त्याचे पैसे गेले तर ते कदाचित पुन्हा मिळतील. त्याचा शब्द गेला तर पुढच्या पुरात त्याच्या हाकेला कोण ओ देईल? आर्थिक व्यवहारात आपले सामाजिक नाव तारण म्हणून ठेवावयाचे नाही, हा नियम प्रत्येकाने स्वतःला घालून घ्यावा. उलट हीच ओळख चांगल्या कामी लावता येईल. वस्तीतील दहा घरांना विम्याचे अर्ज भरून द्यावेत, नामनिर्देशन करून द्यावे, फ्लॅट दराचा हिशेब कागदावर मांडून दाखवावा, संशयास्पद योजना दिसली तर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे वेळीच कळवावे. ही सेवाच आहे.

लहान बचतीची ताकद या महाराष्ट्राने स्वातंत्र्यापूर्वीच ओळखली होती. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली, तेव्हा मागणे होते वर्षाला माणशी एका पैशाचे. त्या पैशा-पैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. ज्यांनी तो पैसा दिला त्यांना व्याजाची आशा नव्हती. त्यांना हिशेब मात्र हवा होता, आणि हिशेब मिळाला म्हणूनच दुसऱ्या वर्षी पुन्हा पैसा दिला गेला. विश्वास आणि हिशेब यांचे असे नाते आहे. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, हा आपल्या भिडस्त समाजाचा भ्रम आहे. हिशेब मागितल्याने खरा माणूस दुखावत नाही आणि खोटा माणूस टिकत नाही.

येत्या पाडव्याला दुकानातील वहीबरोबर घरातीलही एक वही पूजेला ठेवावी. ती दोनशे पानी असो वा शाळेतील मुलाची उरलेली असो. पहिल्या पानावर श्री लिहावे, दुसऱ्या पानावर सर्व खाती, ठेवी, विमे आणि कर्जे यांची खरी यादी लिहावी, आणि तिसऱ्या पानावर त्या दिवशीचा खर्च. ती यादी लिहिताना काहींना समाधान वाटेल, काहींच्या अंगावर काटा येईल. दोहोंचाही लाभच होईल. पाणी किती चढले हे कळल्यावाचून कोणतेही घर वेळेवर हलविता येत नाही.